थरांमधली जागा

"सर, ही बाटली कुणी उघडली?" प्रयोगशाळेत शिरताच हेमांगीचा आवाज चढला.

"मीच. खंडेनवमीला देवापुढे काय झाकलेली बाटली ठेवायची?" तिचे मार्गदर्शक दळवी सर हार सारखा करत म्हणाले.

हेमांगीने कपाळावर हात मारला. तिच्या पावडरीत पापुद्र्यासारखे थर होते आणि त्या थरांमध्ये तिला सांधेदुखीचं औषध बसवायचं होतं. आता उघड्या बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून, कार्बोनेट होऊन, थरांमध्येच ठाण मांडून बसला होता. तो औषधाला जागा देणार नव्हता आणि सोमवारी समितीपुढे निकाल दाखवला नाही, तर पीएचडी बोंबलणार होती.

"भट्टीत भाजते," ती म्हणाली. "थर मोडतील, कार्बोनेट उडून जाईल. मग औषधाच्या पाण्यात टाकली की थर पुन्हा उभे राहतील, औषधाला पोटात घेऊन."

"पूजेची पावडर भाजतेस? आणि नाही राहिले तर?"

"तर समितीला तुमची पूजा सांगेन."

सोमवारी भाजलेल्या पावडरीच्या क्ष-किरण आलेखात थरांमधलं अंतर वाढलेलं दिसलं. औषध आत बसलं होतं. समितीने विचारलं, "भाजायची कल्पना कुणाची?"

सरांनी घसा खाकरला.

"माझी," हेमांगी घाईने म्हणाली. "वेळ सरांनी आणली."