चाळीस दिवस उशिरा

ताई व्यासपीठावर चढली तशी तिसऱ्या रांगेतल्या धाकट्या भावाची छाती फुगली. पडद्यावर दोन ठिपके होते.

"हा लांबचा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र, एकच आहे," ताई म्हणाली. "मधल्या दीर्घिकेच्या वजनाने त्याचा प्रकाश दोन वाटांनी वळतो, म्हणून आमच्या अवकाश दुर्बिणीला तो दोनदा दिसतो. खालचा ठिपका वरच्यापेक्षा चाळीस दिवस उशिरा उजळला. त्याचा प्रकाश त्या अवजड दीर्घिकेला अगदी खेटून आला ना."

एका पत्रकाराने विचारलं, "मॅडम, पहिला शोध पन्नाशीत. इतका उशीर का?"

ताई बोलण्याआधीच, आईवडिलांच्या मागे तिनेच लहानाचा मोठा केलेला भाऊ उठून उभा राहिला आणि भर सभागृहात ताठ मानेने म्हणाला, "तिच्या वाटेत मी होतो."