स्टेपनीसकट

महादेव गुरुजींनी चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, ते रुमालाला पुसलं आणि मान हलवली.

“नाई जमलं, अंकुश. जुना रंग राह्यला अजून. पुन्हा काढ.”

अंकुश चाकाकडे पाहतच राहिला. अलॉयचं ते चाक लख्ख झालं होतं. त्यानं टायर उतरवले होते, रिमूव्हर लावला होता, रंगाला फोड आले तसा तो खरवडून काढला होता. सांदीकोपऱ्यातून तारेचा ब्रश फिरवला होता आणि वरून पाणी मारत पॉलिश पेपरनं हाताची सालं निघेपर्यंत घासलं होतं. आता रंग राहिला कुठं?

“कुठं राह्यला, गुरुजी? दाखवा ना मले.”

“मी काय दाखवू? कारागीर तू आहेस.”

दर आठवड्याला हेच. गुरुजी पवनारहून ऑटोनं वर्ध्याला यायचे, दुकानातल्या स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे, अंकुशच्या बायकोची, मोहिनीची चौकशी करायचे आणि जाता जाता चाकं नापास करून जायचे. एकदा कड खरबरीत लागली, एकदा पुट्टी उंच वाटली, एकदा प्रायमरमध्ये केस दिसला. तो केस अंकुशला काही शेवटपर्यंत सापडला नाही.

चाकं आणली तीही तऱ्हेवाईकपणे. चारच्या चार, आणि वर स्टेपनी.

“स्टेपनी काऊन आणली, गुरुजी? ते तं डिक्कीत राह्यते. कोण पाह्यते तिले?”

“सारी एकसारखी पाह्यजेत. आणि घाई नको करू बाबू. गाडी विटांवर उभी आहे. कुठं पळून नाई चालली.”

असं गिऱ्हाईक अंकुशनं जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीच्यांना सकाळी दिलेलं काम संध्याकाळी हवं असतं. यांना कधीच नको असल्यासारखं.

चेष्टेत घालवावं तर तेही जमेना. दुकान नवीन होतं. पवनारचं अर्धं गाव गुरुजींच्या हाताखाली शिकलेलं. ते ज्याला बोगस म्हणतील, तो बोगसच. टॅक्सीवाल्या रूपरावनं तर साफ सांगितलं होतं, “गुरुजींचे चाकं पास झाले का माह्या साऱ्या गाड्या तुह्याकडं.” आता तोच रस्त्यावरून ओरडायचा, “काऊन रे अंकुश, न्हाऊनच राह्यले का गुरुजींचे चाकं?” टपरीवरचे लोक हसायचे. अंकुशला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आपला हातच बिघडला की काय, असंही त्याला वाटू लागलं. तो आपली बोटं उन्हात धरून पाहायचा.

शेवटी मोहिनीच म्हणाली, “अवो, म्हाताऱ्याले दिसत नसन.”

अंकुशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुरुजी चाकाकडे नीट बघायचेच नाहीत. नुसतं बोट फिरवायचे. दुकानाची पायरी उतरताना दाराला धरायचे. आंधळ्यापुढं दिवाळी करून काय फायदा?

“त्याहिच्या घरच्या बाईले दाखवा,” मोहिनीनं पुढं सुचवलं. “त्या पास करतीन.”

अंकुशनं मग कुणाला विचारलं नाही. गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलेला रंग मारला, काळपट राखाडी, चमक नसलेला. टायर चढवले, चाकं टेम्पोत टाकली आणि पवनार गाठलं.

गुरुजी धाम नदीकडे फिरायला गेले होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी लीलाबाई होत्या. चाकं आली म्हटल्यावर त्या लहान मुलीसारख्या लगबगीनं आल्या आणि चाकावर तळहात ठेवला.

“अगंबाई! आरशावानी चमकून राह्यलं रे!”

अंकुश गोंधळला. या रंगाला चमक कुठली? पण इतक्या दिवसांनी कुणीतरी चांगलं म्हणत होतं. शब्दावरून शब्द कशाला वाढवा?

“म्हंजे पास ना, काकू?”

“पैल्या नंबरानं पास. बसव आता.”

त्यानं जॅक लावला. एकेक चाक बसवलं, नट आवळले, विटा काढल्या, स्टेपनी डिक्कीत टाकली. गाडी जमिनीवर आली तेव्हा त्याला हलकं हलकं वाटलं. रूपरावला आजच आणून दाखवायचं, त्यानं ठरवलं.

लीलाबाई भिंतीला हात लावत आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. “चाल, फाटक उघड. गुरुजीले नदीवरून गाडीतच घेऊन येऊ.”

“पण गुरुजी नाई तं गाडी चालवन कोण?”

“त्याहिले कुठं येते?” लीलाबाई हसल्या. “या गाडीले आजवर माह्याशिवाय कोणाचा हात नाई लागला. ह्या चाकांपायी घरात कोंडल्यावानी झालं होतं मले.”

अंकुशही हसला. फाटकाची दोन्ही दारं त्यानं भिंतीला टेकवली आणि बाजूला झाला. लीलाबाई स्टिअरिंगवर बसल्या. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

गल्लीच्या टोकाला गुरुजी दिसले. गाडीचा आवाज ऐकला तसे ते पळत सुटले. एक चप्पल मागंच राहिली. फाटकात येऊन ते उभे राहिले, गाडीच्या अगदी समोर, दोन्ही हात आडवे पसरून. दम असा लागला होता की तोंडातून शब्द फुटेना.

लीलाबाईंनी काचेतून सरळ समोर पाहिलं, गिअर टाकला आणि विचारलं, “अंकुश, उघडलं का रे फाटक?”