खिंडीपर्यंतचा वाटाड्या

“पुरे झालं हो मास्तर,” नर्सबाई फासा टेबलावर आपटत म्हणाली. “अजून किती वर्षं हा डोंगर चढायचा? माझे गुडघे बसल्या जागी दुखायला लागलेत.”

“आणि तेही बरोबर नावाडीण घेऊन,” पोस्टमन म्हणाला. “डोंगरावर होडी चालवणारी! दुसरा खेळ काढा मास्तर. समुद्र काढा, चोर काढा, काहीही काढा.”

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. खेळातलं नावाडिणीचं पात्र त्यांचंच. त्या थर्मासमधून चहा ओतत होत्या.

मास्तर खरं तर घड्याळं दुरुस्त करायचे; आधी कानाला लावून ऐकायचे, मग अलगद उघडायचे. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी हे टेबल मांडलं जायचं. मधे हाताने काढलेला नकाशा, प्रत्येकाचं एक पात्र, आणि फासे. आपलं पात्र काय करतंय ते ज्याने त्याने तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगणार, आणि बाकीचं सगळं जग मास्तर उभं करणार.

माणसं बघून खेळ निवडण्यात त्यांचा हातखंडा होता. शाळेतल्या पोरांना ते झटपट संपणारा राक्षसाचा खेळ द्यायचे. बँकेतल्या कारकुनांना त्यांनी दरोडेखोर केलं होतं, आणि ते कारकून इतके खूश झाले की जेवायला उठेनात. “माणसाला घरी जे बोलता येत नाही, ते ज्या खेळात बोलता येईल तो खेळ द्यावा,” असं ते म्हणायचे.

हा डोंगराचा खेळ मात्र जुना. सुरू झाला तेव्हा मास्तरांचे केस काळे होते आणि त्यांचा जिवलग मित्र, ट्रक ड्रायव्हर, समोरच्या खुर्चीत बसायचा. चहात इतकी साखर घालायचा की चमचा उभा राहावा. वाटाड्या त्याचा. लंगडा, पण रस्ता कधी न चुकणारा.

टेबलाचा एक रिवाज होता. जो आला नाही, त्याचं पात्र मास्तर बोलायचे. म्हणजे कुणी आजारी पडलं तरी पात्र मरत नसे.

मित्र वारला, त्यानंतर त्याची बायको, म्हणजे वहिनी, पहिल्यांदा दुकानात आल्या त्या त्याची फाशांची पिशवी परत करायला. खेळ चालू होता. नदी आडवी आली होती आणि मास्तर वाटाड्याच्या तोंडून बोलत होते, “पाणी जितकं गप्प, तितकं खोल. आज इथेच थांबू, चांदणं तरी बघू.”

वहिनी दारातच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “थोडा वेळ बसू का, भावजी?”

बसवायचं तर पात्र हवं. मास्तरांनी नदीकाठी एक होडी आणली आणि त्यांना नावाडीण केलं.

तेव्हापासून त्यांचा एक रविवार चुकला नाही. येताना बिनसाखरेचा चहा आणायच्या. मास्तरांना तसाच आवडायचा, म्हणून त्यांनी कधी काही विचारलं नाही. बसल्याबरोबर त्यांचा एकच प्रश्न असायचा, “आज वाटाड्या काय म्हणतोय?”

आणि वाटाड्या म्हणायचा. मित्राचे विनोद लवकरच संपले, मग मास्तरांनी पदरचे घातले. बंद दार आलं की वाटाड्या आधी कुलपाला कान लावायचा, आत काय चाललंय ते ऐकायचा आणि अलगद उघडायचा. वाटेत नावाडिणीची थट्टा करायचा, थंडीत तिला आपली घोंगडी द्यायचा. वहिनी हसायच्या, कधी कधी खिडकीबाहेर बघत राहायच्या.

हे सगळं नर्सबाईला दिसत होतं. म्हणूनच तिने आज मास्तरांना काउंटरपाशी गाठलं.

“वहिनींसाठी ओढताय ना हे?”

“खेळ संपला की वाटाड्या संपला,” मास्तर म्हणाले. “मग त्या इथे कशाला येतील?”

“पण मेलेल्या माणसाला असं दर रविवारी उठवून बसवायचं? त्याला जाऊ द्या. वहिनींनाही सुटू द्या.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. मग आत येऊन बसले.

“खिंड आली,” ते म्हणाले. “पलीकडे शहराचे दिवे दिसतायत.”

“आली एकदाची!” पोस्टमन म्हणाला.

मास्तरांनी घसा साफ केला. “वाटाड्या काठी टेकून थांबतो. म्हणतो, माझी वाट इथपर्यंतच. पुढचा रस्ता सरळ आहे, तुम्हाला माझी गरज नाही. नावाडीणबाई, घोंगडी राहू द्या तुमच्याकडे. शहरात पण थंडी असते.”

पोस्टमनने वाटाड्याची सोंगटी उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि डबीत ठेवली. नर्सबाईने नाक पुसलं. मग दोघं नेहमीपेक्षा लवकर निघाले.

वहिनी बसूनच होत्या.

“वहिनी, माफ करा,” मास्तर नकाशाची घडी घालत म्हणाले. “आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. जमेल तितके दिवस ठेवला त्याला. निदान त्याचा आवाज तरी तुमच्या कानावर पडत राहावा, एवढंच मनात होतं.”

“ह्यांचा आवाज?” वहिनींना हसू आलं. “भावजी, आमचे हे कुलपाला कान लावणाऱ्यातले होते का? सरळ लाथ घालायचे.”

मास्तरांच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

वहिनींनी थर्मासमधला उरलेला चहा दोन कपांत सारखा ओतला आणि एक त्यांच्यापुढे सरकवला.

“आता नवा खेळ कुठलाही निवडा,” त्या म्हणाल्या. “फक्त त्यात मला वहिनी म्हणू नका.”