नळीपाशी श्वास

"हे टोक पुसायचं ना?" संशोधन केंद्रात शेजारी बसणाऱ्या हेन्नाने विचारलं.

राइलीने पडद्यावरच्या मार्चअखेरच्या नोंदींकडे पाहिलं. पाइनचं जंगल हवेतून किती कर्बवायू घेतं, किती सोडतं, त्याची रेघ शहाण्यासारखी चालली होती आणि मध्येच ते टोक वर आलं होतं. जंगलातल्या मनोऱ्यावर हवा ओढणाऱ्या नळीपाशी कुणी श्वास सोडला की असं होतं. जंगलाच्या मोजमापात माणसाचा श्वास चालत नाही. म्हणून मनोरा चढताना नळी आली की श्वास रोखायचा आणि निमूट पुढे जायचं, ही इथली रीत.

सगळे पाळायचे. राइलीचा नवरा ओइवा सोडून. मनोऱ्याची देखभाल त्याच्याकडे होती आणि हा गडी नळीला टेकूनच थर्मासमधली कॉफी प्यायचा. राइली खालून ओरडायची, "अरे, श्वास रोख जरा!"

"रोखून काय मरू?" तो वरून हसायचा.

एप्रिलात बर्फ वितळत असताना तो घरी झोपेतच गेला. राइली रडली नाही. खंबीर आहे बाई, असं सगळे म्हणाले. कसली खंबीर! आत काही हलतच नव्हतं. अंगणातला सॉना, वाफेच्या अंघोळीची ती खोली, तेव्हापासून थंडच होता आणि काळ्या पावाला पुठ्ठ्याची चव येत होती.

"शेवटचं आहे गं त्याचं," हेन्ना हळूच म्हणाली. "राहू दे. एकाने काय बिघडतंय?"

"चूक ती चूक," राइली म्हणाली आणि तिने स्वतःच बटण दाबलं. रेघ सरळ झाली. तिला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तिने चढायचा पट्टा बांधला आणि ती मनोऱ्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्ना पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसली होती. ताज्या रेघेवर टोकांची नुसती गर्दी झाली होती, वेडीवाकडी, एकावर एक.

"काल वर कोण होतं?"

"मी."

"तू? अगं, नळीपाशी श्वास रोखायचा, हे आम्हाला तूच शिकवलंस ना?"

राइलीचे डोळे सुजले होते. ती काळ्या पावाला जाडसर लोणी लावत होती.

"रोखलाच होता की," ती म्हणाली. "एप्रिलपासून."