कोनाड्यातला कप

बारा वर्षं सुगनी गावाहून शहरात, दुर्गाघाटावरच्या शरदिनीकाकूंकडे भांडी घासायला येत होती. काकू एकट्या, दिवसभरात घरात दुसऱ्या माणसाचा आवाज काय तो सुगनीचाच. मग एका संस्थेनं सुगनीच्या गावातल्या गरिबांच्या खात्यात थेट पैसे टाकले, तिनं गाभण म्हैस घेतली आणि काम सोडलं. आज चार महिन्यांनी ती दारात उभी राहिली, नव्या साडीत, हातात चिकाची बरणी. “म्हैस व्यायली, काकू. तुम्हांला खरवस आवडतो ना?” “अगं, बस, बस!” म्हणत काकूंनी लगबगीनं आल्याचा चहा केला आणि कोनाड्यात वेगळा ठेवलेला तिचा कप सवयीनं भरून पुढे केला. सुगनी कपाकडे बघत राहिली. “राहू द्या, घरून पिऊनच निघाले,” हसून म्हणाली आणि गेली. बऱ्याच वेळानं काकूंनी तो कप पहिल्यांदा तोंडाला लावला. टवका उडालेला काठ ओठाला बोचला.