बाकडं हाललं म्हणून

वारंगा फाट्याचा ठार बहिरा सोमेश्वर सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खोलीत बाकावर बसला होता. बहिरेपणाचा दाखला मिळाला तरच निराधार योजनेचा सरकारी पगार सुरू होणार होता आणि म्हाताऱ्या आईच्यानं आता मजुरी होत नव्हती. डॉक्टरांनी मागून बाकावर जोरात हात आपटला. सोमेश्वर दचकून वळला. "याला ऐकू येतंय की," डॉक्टर हसून म्हणाले. "न्हाई साहेब, बाकडं हाललं म्हणून वळलं लेकरू," शेजारी उभी असलेली आई काकुळतीला आली. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. आईचे भरलेले डोळे पाहून सोमेश्वरला सगळं उमगलं. तो उठला, बाकापासून दूर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि 'आता वाजवा' अशी त्यानं हातानं खूण केली. डोळे गच्च मिटून तो बराच वेळ थांबला. आईनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो वळला, तर बाकावर रांगेतला पुढचा माणूस बसला होता.