बिल्डिंगची लोकसंख्या

विज्ञानाच्या बाईंनी सातवीच्या मुलांना गृहपाठ दिला होता. आपापल्या बिल्डिंगमधली माणसं आणि प्राणी मोजायचे आणि मजल्यानुसार स्तंभालेख काढायचा. निळे स्तंभ माणसांचे, लाल स्तंभ प्राण्यांचे. शाळेच्या प्रदर्शनात एका मुलीचा आलेख अगदी दारातच लावला होता.

तिच्याच बिल्डिंगचे चेअरमन बायकोला घेऊन प्रदर्शन बघायला आले आणि त्या आलेखासमोर थबकले. 'प्राणी पाळण्यास सक्त मनाई' ही पाटी त्यांनी स्वतः लिफ्टशेजारी ठोकली होती, आणि इथे तर मजल्यामजल्यावर लाल रंग!

"बाई, हे काय भलतंच? आमच्याकडे पालसुद्धा परवानगी काढून फिरते!"

"पोरीने दारोदार फिरून मोजलंय हो," बाई म्हणाल्या.

"असं? मग हा सगळ्यात उंच लाल स्तंभ कुणाचा? आजच्या आज घर खाली करायला लावतो!"

मुलगी बाईंच्या मागे सरकली. "पाचवा मजला, काका," ती कशीबशी म्हणाली.

"पाचवा? अगं, पाचव्यावर तर फक्त आम्ही दोघं..."

चेअरमननी हळूच बायकोकडे मान वळवली.

काकू चष्मा लावून आलेख तपासत होत्या. "अगं, परवा मनीला झालेली चार पिल्लं राहिलीच की यात!"